रंगुबाईच्या चार पेट्या

पेट्यांवर नावं छापून घेण्याची युक्ती शिरूरच्या माणसालाच सुचायची. इथल्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीवर नाव नसलं, तर गोणी कुणाची यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. गेल्या वर्षी इथल्याच सविताने आसपासच्या शेतकऱ्यांसाठी हॉलंडहून लिलीचे कंद मागवले, तेव्हा वाटपात असाच तमाशा झाला होता. म्हणून यंदा तिने तिकडच्या कंपनीला सव्वीस शेतकऱ्यांची यादी पाठवली. ज्याची पेटी, तिच्यावर त्याचं नाव, तेही मराठीत. बिचाऱ्या हॉलंडवाल्यांनी जशीच्या तशी अक्षरं छापली आणि फोटो धाडला. सविताला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

तो फोटो सगळ्यात जास्त वेळा पाहिला कासुर्डीच्या रंगुबाईने. वीस वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. भावाने, हौसरावाने, 'सातबाऱ्याला तुझं नाव लावायचंय' म्हणून तिला दौंडला नेलं, कागद वाचून दाखवला आणि अंगठा घेतला. वर एक लुगडं दिलं. नाव लावायचं नव्हतं, काढायचं होतं, हे तिला पुढच्या दिवाळीत कळलं. त्या रागातच ती बचत गटात सही करायला शिकली. सही तेवढी आली, वाचायचं राहून गेलं. आता शेजाऱ्याची दहा गुंठे जमीन खंडाने करून तिने त्यावर हिरवी जाळी उभी केली होती. पिठाच्या गिरणीत जो भेटेल त्याला ती सांगायची, "माझं नाव परदेशातनं छापून येतंय. चार पेट्या हायती माझ्या."

पण जहाज कुठलं वेळेवर यायला! लाल समुद्राची वाट धोक्याची झाली म्हणून ते आफ्रिकेला वळसा घालून निघालं. पंचवीस दिवसांचे पन्नास झाले. शेतकरी रोज फोन करायचे, "ताई, कुठवर आलं?" आणि सविता मोबाईलवर नकाशावरचा जहाजाचा निळा ठिपका बघून उत्तर द्यायची. जहाज तिकडे हेलपाटत असताना इकडे आयातीचं एक नवं परिपत्रक निघालं. ते तिच्यापर्यंत पोचलं कंटेनर बंदरात उघडल्यावर.

कळवणारा फोन विश्वजीतचा होता. मूळचा पाबळचा हा पोरगा बंदरावर माल सोडवायचं काम करायचा.

"ताई, परवाना तुमच्या एकटीच्या नावावर, आन् पेट्यांवर सव्वीस नावं. साहेब म्हणत्यात, माल नक्की कुणाचा? नव्या नियमात परवाना ज्याचा, मालबी त्याचाच पायजे."

"अरे, ती नावं वाटपासाठी आहेत. घोळ नको म्हणून."

"आपल्याला कळतंय हो. आता प्रत्येकाकडून लिहून आणा, की या मालावर माझा हक्क न्हाई. सह्या ओरिजिनल. एक जरी कमी पडली तरी अख्खा कंटेनर अडकला. आन् तपासणीला दार उघडलं तवाच कंटेनरातली थंडी गेलीय. परवापर्यंत न्हाई सुटला, तर सगळा माल सडका म्हणून भट्टीत जाईल."

सव्वीस जणांनी सविताच्या शब्दावर वाफे घालून ठेवले होते. तिने कागद छापून घेतले आणि गाडी काढली. दीड दिवसात पंचवीस सह्या झाल्या. कुणी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, कुणी पाण्याच्या मोटारीवर. कुणी वाचायची तसदी घेतली नाही. "तुम्ही म्हणता ना ताई, मग झालं!" असं म्हणून लोक मोकळे झाले. एवढा विश्वास पाहून खरं तर तिला धास्तीच वाटायला हवी होती. पण घाईत असलेल्या माणसाला धास्तीला वेळ कुठला!

न्हावरा, चौफुला, यवत करत ती कासुर्डीला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कागद न्यायला विश्वजीतचा माणूस चारला यवतच्या स्टँडवर येणार होता.

रंगुबाई जाळीखाली वाफे भिजवत होती. हात पदराला पुसत तिने कागद घेतला, उलटसुलट केला.

"काय लिवलंय?"

"पेट्या सुटायला लागतो मावशी. सही करा, मी लगेच निघते."

"तसं न्हाई. एकदा केलंय तसं. आता वाचून दावल्याबिगर म्या कुठंच सही करीत न्हाई."

सविताने कागद हातात घेतला. 'हक्क नाही' एवढे दोन शब्द उच्चारले, की ही बाई मरेल पण सही करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. समजावून सांगायला अख्खा दिवस लागला असता, आणि पंचवीस वाफे वाट बघत होते. तिने घसा खाकरला.

"मी रंगुबाई, राहणार कासुर्डी, लिहून देते की या चार पेट्या माझ्या आहेत. त्या मला लवकर मिळाव्यात."

"परत वाच."

सविताने परत वाचलं. खोटं दुसऱ्यांदा तंतोतंत तसंच म्हणायचं म्हणजे किती जपावं लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं. रंगुबाईने जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. मग समाधानाने हसली आणि म्हणाली, "बस, च्या टाकते." सविता थांबली नाही. तो चहा तिच्या घशाखाली उतरला नसता.

कंटेनर सुटला. कंदांना बोटभर कोंब आले होते, पण जीव शाबूत होता. पेट्या घ्यायला रंगुबाई जीप करून शिरूरला आली. पेटीवरच्या तिच्या नावावर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सविताचं नाव.

"हे काय गं?"

"नियम बदलला मावशी."

रंगुबाईने नखाने पट्टीचं टोक उकललं. खाली स्वतःचं नाव दिसल्यावर ती पेट्या घेऊन गेली.

दीड महिन्याने ती पुन्हा शिरूरला, सविताच्या ऑफिसात आली. लिली गुडघ्याला लागल्या होत्या, कळ्या दिसायला लागल्या होत्या, आणि बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद सविताला बघवत नव्हता.

"सविते, त्या कागदाची झेरॉक्स दे की. हौसराव गावभर सांगत फिरतोय, की फुलं शेजाऱ्याच्या रानातली, हिचं काय हाय त्यात? त्याच्या सुनेकडनं सगळ्यांम्होरं वाचून घेते. 'या चार पेट्या माझ्या हायती.' जन्मात पयल्यांदा माझं म्हणून कागदावर लिवलंय कुणीतरी."

मशीन बिघडलंय, असं सविताच्या तोंडावर आलं होतं. पण मशीनचा दिवा चालू होता आणि रंगुबाईला तो दिसत होता. शिवाय आज टळलं असतं, तरी ती उद्या आली असती. सविताने फाईल काढली. यवतला देण्याआधी तिने त्या कागदाची प्रत काढून ठेवली होती. ती समोर धरली आणि या वेळी तीत जे होतं तेच वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"या मालावर माझा कोणताही हक्क नाही," रंगुबाईने हळूच ते वाक्य म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. दौंडातबी असंच कायतरी व्हतं."

"मावशी, माल भट्टीत गेला असता हो. फुलं तुमचीच आहेत, कोण म्हणतंय नाहीत?"

"कागद म्हणतोय की."

सविताला रडू आलं, पण रडायचा अधिकार आपला नाही, हे तिला कळत होतं. रंगुबाईने कमरेची पिशवी सोडली, दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं आणि मशीनकडे बोट केलं.

"कशाला मावशी, आता काय उपयोग?"

"काढ तू," रंगुबाई म्हणाली. "पयल्या कागदाची भावानं दिली नव्हती."