वीतभर अंतर

गिऱ्हाईक घासाघीस करणारच, म्हणून माझ्या पहिल्या कौटुंबिक फोटोचा भाव मी दुप्पट सांगितला. बाई लगेच 'चालेल' म्हणाल्या. मेलं, इतकं सरळ कुणी वागतं का? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी पडदा लावला, दिवे मांडले. बाईंनी मुलाला मध्ये बसवलं आणि नव्या सुनेला अगदी कडेला, वीतभर अंतर सोडून उभं केलं.

"अहो, जवळ येऊ द्या की तिला!"

"तिथेच बरी आहे ती," त्या म्हणाल्या आणि मापासाठी जुना फोटो माझ्या हातात दिला.

त्याची एक कड कात्रीने कापलेली होती. मुलाच्या खांद्यावर कुणा बाईची चार बोटं तेवढी राहून गेली होती.