तीन वाजताचा सिंहगड

वाटीच्या काठावर ब्रश टिचकन आपटला आणि घरातली दुपारची शांतता तडकली. चैतालीने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. पाच वर्षांची पारमी नुसती कुशीवर वळली. सुटले बाई!

धायरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर अडीच ते साडेतीन, एवढाच वेळ चैतालीचा. पारमीला शाळेतून आणायचं, भरवायचं, थोपटून निजवायचं आणि मग जेवणाच्या टेबलावर कागद ओला करून खिडकीतून दिसणारा सिंहगड रंगवायला घ्यायचा. शनिवारच्या क्लासला सलिल सर बजावून सांगायचे, "आधी आकाश. ते वाळू द्या. मग लांबचा डोंगर. तो वाळू द्या. मग जवळचा." वाळू द्या म्हणे! पोर उठायच्या आत वाळायचं कधी आणि रंगवायचं कधी? तिने ओल्या आकाशावरच निळा-जांभळा रंग सोडला. गडाची कड पसरत गेली, आकाशात विरघळली. आता पायथ्याला हिरवा लावणार, तेवढ्यात आतून हाक आली, "आई, शू!" खालचा कागद पांढराच राहिला.

चैतालीच्या सासूबाई चंपाबाई चहाचा कप घेऊन चित्रावर वाकल्या.

"गड कुठाय?"

"हा काय."

"बरं झालं सांगितलंस."

पण संध्याकाळी चैतालीने ते चित्र पुन्हा हातात घेऊन लांब धरलं. रखरखीत उन्हात, तीन वाजता, गड अस्साच तर दिसतो. वर धुरकट, खाली नुसता उजेड. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला दिसलेलं कागदावर उतरलं होतं.

शनिवारी सरांनी चित्र उचललं. क्लासचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशीच होतं.

"आकाश झकास जमलंय. फक्त कड पक्की करू, खाली दोन झाडं टाकू," म्हणत त्यांनी पेन्सिल उचलली.

चैतालीने कागदावर तळहात ठेवला. "नको, सर."

"अहो, अर्धवट आहे ते."

"पुरं आहे."

"लोक विचारतील, डोंगर कुठे गेला?"

"दुपारी तीनला बघितलाय तुम्ही सिंहगड? मी रोज बघते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. "मग मला हे भिंतीवर लावता येणार नाही."

"नका लावू. पण पेन्सिल लागायची नाही याला."  कागदावरचा तिचा हात हलला नाही.

घरी आल्या आल्या तिने हॉलमधलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि क्लिप लावून चित्र तिथे टांगलं.

चंपाबाईंनी चष्मा चढवला. "आता तारीख कुठं बघायची?"

"मोबाइलमध्ये."

"आणि पाहुण्यांनी विचारलं, हे काय म्हणून?"

"माझ्याकडे पाठवा त्यांना."

"पाठवते की. मला कुठं हौस आहे समजावून सांगायची," म्हणाल्या खऱ्या, पण कॅलेंडर स्वतःच उचलून स्वयंपाकघराच्या दारामागे लावून आल्या.

पारमी खुर्चीवर चढली. चित्रातल्या पांढऱ्या जागेवर तिने बोट ठेवलं. "इथे काय आहे?"

"ऊन."

"आजी म्हणते, अर्धवट आहे."

"आजीला म्हणावं, पुरं आहे."

पारमीने पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग आईच्या गळ्यात हात टाकून, तिच्या कानाशी लागून तिने विचारलं, "आई, त्या दिवशी मी उठलेच नसते, तर तू इथे काय काढलं असतंस?"