बाबांची गाठ

सगळ्या गल्लीनं दादाला माफ केलं होतं. बाबांनीसुद्धा. राहिली होती एकटी लवंगी, म्हणजे त्याची धाकटी बहीण. अंगानं काडी आणि जिभेनं जाळ, म्हणून हे नाव. तिनं ठरवलंच होतं, बाकीच्यांनी खुशाल विसरावं, मी मात्र उट्टं काढणार.

बाबांचं सोफे-गाद्या शिवायचं दुकान. बाबा दवाखान्यात असताना दादानं नशेपायी शिलाई मशीन विकलं होतं. मग जाड कापड हातानं शिवून शिवून बाबांच्या बोटांची चाळण झाली, आणि शाळा सुटल्यावर लवंगीच्याही. आणि हे महाराज आता प्रार्थनाघरात झाडू मारतात, सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसतात, देवानंच मला वर काढलं म्हणतात. केलं यानं, निस्तरलं आम्ही, आणि देव पावला कुणाला? यालाच. वा रे न्याय!

त्या दिवशी दुकानातली एक जुनी गादी उसवताना कापसात तिला नशेची पुडी सापडली. दादानं कधीकाळी लपवलेली, बहुतेक विसरलेली. लवंगीला आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी प्रार्थनेनंतर दादा तिथल्या फाटक्या बैठका शिवून देणार होता. म्हणजे सगळ्यांसमोर पिशवी उघडणार. तिनं पुडी चिंधीत बांधली, त्याच्या पिशवीत दोऱ्यांखाली सारली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली, नाटकाला बसावं तशी.

प्रार्थना संपली. दादानं पिशवीत हात घातला. हात बाहेरच येईना. मग तो पिशवीसकट उठला आणि थेट लवंगीशेजारी येऊन बसला.

“ही गाठ बाबांनी फक्त आपल्या दोघांना शिकवलीय,” तो हळूच म्हणाला.

लवंगीनं पिशवीत डोकावलं. सवयीनं तिनं चिंधीला गादीची गाठ मारली होती, ओढाल तितकी आवळणारी, कापल्याशिवाय न सुटणारी. एवढा डाव रचला आणि खाली स्वतःची सही ठोकली!

“मग सांग ना सगळ्यांना.”

“सांगतो. आधी हे माझ्या हातातून घे. देव आहे गं सोबत, पण हात माझेच आहेत.”

तो हात असा थरथरत होता की पिशवीतल्या कात्र्या वाजत होत्या. त्याची फजिती होईल एवढंच तिनं पाहिलं होतं. त्याला ती पुडी हवीशी वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं चिंधी हिसकावली, एक कात्री उचलली, मोरीत जाऊन गाठ कापली, पुडी रिती केली आणि नळ पूर्ण सोडला.

परत येते तो दादा उभा राहून सांगत होता, मी लपवलेली पुडी आज समोर आली, माझ्यासाठी प्रार्थना करा. लवंगीचं नावही नाही. लोकांचे डोळे पाणावलेले. तिचा नुसता जळफळाट झाला. डाव तिनं रचायचा आणि पुण्य यानं लाटायचं!

दादा बैठक घेऊन बसला, पण सुईत दोरा काही जाईना. लवंगीनं त्याला मनसोक्त धडपडू दिलं. मग सुई ओढून घेतली आणि दोरा ओवला.

“माफ केलेलं नाही मी. आधी मशीन आण.”

“माहितेय,” म्हणत तो सरकला.

लवंगी बैठकीच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि प्रत्येक टाका गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात ओढत राहिली.