काचेआडचं रडू

मी हेल्मेट बोलतोय. डोकं सांभाळतो म्हणून लोक मला विकत घेतात, पण माझा जीव अडकला तो डोळ्यांत.

साच्यातून निघालो आणि वर्षभर दुकानात धूळ खात लटकून राहिलो. मग एका बाईने मला घेतलं. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई विभागाची ती मुख्य. हाताखाली पस्तीस बायका, आवाज खणखणीत आणि डोळे काठोकाठ भरलेल्या कळशीसारखे. जरा धक्का लागला की सांडलेच.

माणसं दुःखानेच रडतात, हे तुमचं अज्ञान. ती शाबासकी मिळाली तरी रडे. सगळ्यात जास्त रडे ती रागाने. समोरच्याला वाटे, बाई खचली. खचली कुठली, पेटलेली असे.

म्हणून कारखान्यात ती ओठ चावून राही. घरी निघाली की सिग्नलला थांबून माझी काच खाली ओढी आणि मनसोक्त रडे. माझं अस्तर भिजून जाई. जे सख्ख्या बहिणीला दिसलं नाही, ते मला मिळे. ताठलो होतो मी, कबूल करतो.

बायकांना पाठ टेकायला खुर्च्या हव्या होत्या. दिवसभर स्टुलावर बसून कंबरा धरल्या होत्या. ती तीनदा साहेबांकडे गेली. तिन्ही वेळा डोळे भरले आणि साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "शांत व्हा बाई, नंतर बघू." ते नंतर काही उजाडलं नाही.

चौथ्यांदा गेली ती सुटी झाल्यावर, मला काखोटीला मारून. सोबत काजं करणारी मावशी. दुसऱ्याच वाक्याला धारा लागल्या. साहेबांचा हात ग्लासाकडे गेला.

"पाणी नको साहेब. डोळे त्यांचं काम करतायत, मी माझं करते. पस्तीस खुर्च्या कधी येणार?"

"अहो, पण तुम्ही रडताय."

"रडतेय. ऐकू येतंय ना?"

"ती कॅलेंडरवरचं बाळ बघूनही रडते," मावशी म्हणाली. "तुम्ही आपली तारीख सांगा."

साहेबांनी तारीख लिहून दिली. मावशीने आपल्या बाहीने तिचे गाल पुसले. मशीनच्या तेलाने माखलेली ती बाही, आणि मान तिला. तीन वर्षं जपलेलं माझं धन चारचौघांत उधळलं गेलं. मला टिपूसही नाही.

आता ती बिनधास्त सगळ्यांत बसून रडते, रडता रडता मुद्दा पुरा करते. घरी जाताना काच वर आणि तोंडात गाणं. माझं अस्तर ठणठणीत कोरडं. जळतो मी. लपवत नाही.

परवा खुर्च्या आल्या. मावशी पहिल्यांदा पाठ टेकून बसली, हुश्श म्हणाली, आणि बाईचे डोळे वाहिले. एक थेंब खुर्चीच्या पाठीवर पडला. नुकती आलेली ती खुर्ची, आणि थेंब तिला.

सहज रडू येणाऱ्या बायांनो, माझ्यासारख्याच्या आड लपू नका. उघड रडा आणि बोलणं अर्धं सोडू नका. मी कोरडा राहिलो तरी चालेल. चालेल म्हणजे, चालवून घेईन.