सर्जाचं मुंडकं

मेलेल्या जनावराला जित्यापेक्षा जास्त मान असतो, हे मला माझ्या पोराच्या, सुयशच्या दुकानात बसून कळलं. शहागंजजवळच्या गल्लीत त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान. पितळी पानदान, निजामाच्या वक्ताची घड्याळं, हंड्या-झुंबरं, सगळं होतं. पण गिऱ्हाईक आत आलं की आधी भिंतीकडं बघायचं. तिथं पेंढा भरलेलं सांबराचं डोकं होतं, कुण्या बंगल्यातून दुरुस्तीला आलेलं. असलं काही विकता येत नाय, कायदा हाय. पण लोक ते बघायला यायचे अन् जाताना समई घेऊन जायचे.

खोटं कशाला बोलू, मलाबी नाद लागला होता. काचेचे डोळे, पण कुठंबी उभं राहा, ते आपल्याकडंच बघायचं. मी रोज फडक्यानं त्याची शिंगं पुसायची. माझा नवरा गेला तर दुसऱ्या दिवशी राख सावडून आणली, अन् हे जनावर माझ्या जन्माच्या आधी मेलेलं, तरी कान टवकारून हाय! मला त्याचा हेवा वाटायचा.

सुयश पुण्याला राहून हे काम शिकून आला होता. कातडं कमवायचं, आत साचा बसवायचा, टाके असे घालायचे की शोधून सापडू नयेत. हुशार पोरगं. पण माझ्या सासऱ्यांना यातलं काही कळू द्यायचं नाय, हे आम्हा मायलेकांचं ठरलेलं.

सासरे म्हंजी फकिराबाबा, मी त्यांना मामंजी म्हणायची. नव्वदीला टेकलेले. सुयशचा बाप गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, खांद्यावर बसवून शाळेत नेलं. आमचं गाव करमाडच्या पलीकडं. मामंजी लहान असताना पाटलाच्या गोठ्यात ढोर मेलं की आमच्या वस्तीला हाळी यायची. बापाबरोबर दोर लावून ओढायचं, सोलायचं. मग बाबासाहेब म्हणाले, सोडा हे. वस्तीनं सोडलं. गावानं किराणा बंद केला, पाणी बंद केलं, अन् पाटलाच्या माणसांनी मामंजींच्या बापाचा हात मोडला. तो हात मरेपर्यंत वाकडाच राहिला, पण ढोराला लागला नाय. मामंजींनी तर घरात चामड्याचा पट्टासुद्धा येऊ दिला नाय.

"दुकानात काय इकतोस रे?" ते विचारायचे.

"समया, आबा. घड्याळं."

"ब्येस."

दिवाळी झाल्यावर एक दिवस विश्वजीत पाटील दुकानात आला. त्याच पाटलाचा नातू. त्याचा शंकरपटाच्या शर्यतीत गाजलेला बैल, सर्जा, त्या सकाळी आजारानं मेला होता. "धड शेतात पुरतो," म्हणाला, "पण मुंडकं मला हॉलमधी पायजे, सर. आजच चला, नायतर खराब होईल." आम्ही कोण, कुठले, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी सुयशला मागं ओढलं. "त्या गोठ्यात पाय ठेवू नको, सांगून ठेवते."

"आई, ती बिगारी होती, ही कला हाय. पाटील गाडी घेऊन दारात आलाय, मला सर म्हणतोय. जग कुठल्या कुठं गेलं!"

अन् मी त्याचा हात सोडला. पाटील माझ्या पोराला सर म्हणतोय, हे मलाबी गोड लागलं होतं.

त्या संध्याकाळी सुयशनं तीनदा साबण लावून आंघोळ केली. तरी मामंजींनी मान वर केली. "कशाचा वास येतोय?"

"गाडीत उंदीर मेलता, आबा."

ते भिंतीकडं तोंड करून पडले.

सर्जाचं मुंडकं मात्र महिन्याभरात असं उभं राहिलं की बघणाऱ्यानं पेंढी पुढं करावी. पाटील खूश. मुंडकं घेऊन गेला अन् चार दिवसांनी पेढ्याचा पुडा घेऊन, पत्ता शोधत थेट आमच्या घरी टपकला. खाटेवर मामंजी, शेजारी सुयश. बोलता बोलता गाव निघालं, आडनाव निघालं, अन् पाटलानं मांडीवर थाप मारली.

"अरे, तुम्ही आमच्याच गावचे? फकिरा ना तुम्ही? आमचा आज्या तुमच्या बापाचं नाव घ्यायचा. बघा, शेवटी आमचं जनावर तुमच्याच घरानं सोललं! रक्तात असतंय ते. काय सुयश्या?"

येताना सर होता, पाच मिनिटांत सुयश्या झाला. वर मोबाईल काढून हॉलमधला सर्जाचा फोटो मामंजींच्या डोळ्यापुढं धरला मेल्यानं. मी पुडा उचलला अन् त्याच्या मांडीवर आदळला. "उठा पाटील. चपला घाला अन् चालू लागा."

तो गेल्यावर मामंजींनी विचारलं, "तू सोललंस?"

"व्हय, आबा."

"कुणी मारलं का तुला?"

"नाय."

"उपाशी होतास?"

"नाय, आबा."

"माझ्या बापाचा हात मोडला, तरी त्यानं लावला नाय," मामंजी म्हणाले. "तू हसत गेलास."

रोज सुयशच त्यांना आंघोळ घालायचा, घास भरवायचा. त्या दिवसापासून ते मला म्हणायचे, "केसर, तू दे." सुयशनं सांबर बंगलेवाल्याला परत केलं, हत्यारं भंगारात घातली, पाय धरले. म्हातारा पाय आखडून घ्यायचा.

थंडीत ते फारच खचले. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्या मढ्याला त्यानं हात लावायचा नाय."

मी भडकले. "मामंजी, पोरगं हाय तुमचं! चुकलं, तर किती जाळाल त्याला? अन् मेल्यावर तुम्हाला काय कळणार, कोण हात लावतंय ते?"

"मला नाय कळणार," ते म्हणाले. "त्याला कळंल."

आठवड्यात ते गेले. अंगणात पाटावर बसवलं, पांढरं कापड आणलं, पाणी तापलं. त्रिशरण झालं. पहिलं पाणी नातवानंच घालायचं म्हणून सगळे थांबले. सुयशनं तांब्या भरला अन् माझ्याकडं बघितलं.

"आई, आबा जाताना माझ्याबद्दल काय बोलले?"

त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. "म्हणाले, सुयशच्या हातचं पाणी घाला मला."

तो पुढं झाला. मामंजींच्या खांद्याकडं हात नेला, ज्या खांद्यावर बसून शाळेत गेला होता. हात वीतभर वरच थांबला. तो स्वतःची बोटं बघत राहिला. मग शेजारच्या पुंडलिकमामांच्या हातात तांब्या दिला.

"मामा, तुम्ही घाला."

"अरे घाल की बाबा!" मी ओरडले. "मी सांगते ना, तेच बोलले!"

तो दाराशी जाऊन उभा राहिला. मामंजींच्या अंगावरून पाणी वाहत त्याच्या पायापाशी आलं, तसा तो मागं सरकला.