चौथं पान

ओफेलियामावशींनी नोएमीच्या टेबलासमोरची खुर्ची उचलली आणि कर्स्टनच्या टेबलासमोर नेऊन ठेवली.

"मी हिलाच सांगणार," त्या म्हणाल्या.

नोएमीच्या अंगाचा तिळपापड झाला. सॅलिनासच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतल्या मजुरांचे खटले फुकट लढवणाऱ्या त्या कचेरीत स्पॅनिश येणाऱ्या वकील दोघीच. वर्षानुवर्षं बायकांना छळणाऱ्या मुकादमाविरुद्ध बोलायला मावशींना तयार केलं होतं ते नोएमीने, सहा महिने त्यांच्या पायरीवर बसून. आणि जबानी घेणार कर्स्टन! मिनेसोटाची, कॉलेजात स्पॅनिश शिकलेली. तिने नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी बायका म्हणत, "काय गोड बोलते गं पोर!" नोएमीची तर ती मातृभाषा, पण तिला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

तिच्या भाषेचं कौतुक एकदाच झालं होतं, ती आठ वर्षांची असताना. आईचा हात मोडला होता आणि डॉक्टरला स्पॅनिश कळत नव्हतं. आई म्हणाली ते नोएमीने इंग्रजीत सांगितलं: कामावर शिडीवरून पडली. "शिडीला काय म्हणतात तेसुद्धा येतं हिला!" डॉक्टर म्हणाला होता. वकील व्हायचं तिने त्याच दिवशी ठरवलं.

दोन तास कर्स्टन लिहीत होती. नोएमी समोर फाइल उघडून बसली, पण पान काही उलटलं नाही. मध्येच मावशी रडल्या आणि कर्स्टनने त्यांचा हात धरला, तेव्हा तर नोएमीला तिचं तोंड पाहवेना.

लिहून झालं. कचेरीचा नियम असा, की एकीने इंग्रजीत लिहिलेली जबानी दुसरीने स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायची, मगच सही. नोएमीने कागदांसाठी हात पुढे केला. मावशींनी कागदांवर तळहात ठेवला.

"तू नको. दुसऱ्या गावाहून बोलवा कुणाला तरी."

"का, मावशी? माझी भाषा मळ्यातली म्हणून? हिची जीभ साखरेची, आणि आम्ही कोण?"

"नोएमी," कर्स्टन हळूच म्हणाली, "आज राहू दे ना."

"तू मध्ये पडू नकोस."

मावशींनी नोएमीकडे पाहिलं. मग तळहात उचलला.

"चौथ्या पानावर तुझी आई आहे, पोरी. बावीस वर्षांपूर्वीची. त्या दिवशी मी तिच्या शेजारच्याच सरीत होते. तुला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती तिने."

नोएमीचा हात तसाच पुढे राहिला. आईने जन्मभर स्ट्रॉबेरीच तोडली होती. शाळेच्या सुट्ट्यांत नोएमीनेही तोडली होती, कंबर मोडेपर्यंत वाकून. रोप घोट्याएवढं असतं. त्या मळ्यांत शिडी कुणाला लागतच नाही.