बाळंतिणीची बाटली

व्हर्लिनला टॉनिक वाइनमधलं काहीही कळत नव्हतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. जमैकातल्या मँगो रिज वाडीतल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ते कळतं. कुणाकडे बाळ झालं की नऊ दिवसांच्या आत बाळंतिणीची आई नाहीतर सासू टॉवेलमध्ये गुंडाळून ही शक्तीची बाटली घेऊन येते, आणि येताना सगळ्या वाडीला दिसेल अशी सावकाश चालत येते. व्हर्लिन वाढली होती किंगस्टनला, चर्चच्या अनाथाश्रमात, चाळीस मुलींमध्ये. तिथं बाळंतपण कुणाचंच झालं नव्हतं.

ओनिका आता दोन महिन्यांची झाली होती. नऊ दिवस कधीच उलटून गेले होते. सासू, मिस इसिल्डा, वरच्या टेकडीवर राहायची. ती एकदाच आली होती. दारातच उभं राहून बाळाच्या कानांच्या पाळ्या निरखल्या, "हं" म्हणाली आणि गेली. मुलानं तिच्या चर्चमध्ये लग्न न करता कचेरीत जाऊन सही ठोकली, हे तिच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं. आणि तो मुलगा, एव्हरल्ड, एप्रिलमध्येच कॅनडाला शेतावर कामाला गेला होता. सफरचंदं संपल्याशिवाय येणार नव्हता.

गुरुवारी सुईण मिस बेरिल जाता जाता डोकावली. व्हर्लिनची पापणी अंगठ्यानं खाली ओढून म्हणाली, "हे काय गं, आत सगळं पांढरंफटक. टॉनिक वाइन संपली वाटतं?"

"संपली," व्हर्लिन म्हणाली.

"मग दुसरी आणायला सांग सासूला. कंजूषपणा करायची ही वेळ आहे होय?"

सांगणार कशी? पण त्या दिवशी बादली उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ओट्याला धरून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. आत ओनिका रडत होती. आपण इथं पडलो तर बाळ असंच रडत राहील आणि कुणाला कळणारही नाही, हे तिला तेव्हा अगदी स्वच्छ दिसलं. शुक्रवारी दुपारी तिनं बाळाला पोटाशी बांधलं आणि मिस युनिसच्या दुकानाची वाट धरली. स्वतःच जाऊन स्वतःची ओटी भरून घेण्यासारखाच प्रकार होता तो. पण जीव मोठा की लाज?

दुकानाच्या पडवीत मास क्लीव्ह आणि आणखी तिघं डॉमिनोज आपटत बसले होते.

"टॉनिक वाइन हवी होती," ती हळूच म्हणाली.

"छोटी की मोठी?" मिस युनिसनं विचारलं.

मागं फळीवर दोन्ही होत्या. मोठीला कागदी पट्टी, धूळ बसलेली. छोटी चपटी, खिशात मावेल अशी. मोठी मागितली तर हावरट दिसेल, असं वाटून ती म्हणाली, "छोटी."

पडवीतला डॉमिनोजचा आवाज थांबला.

"छोटी म्हणतेय," मास क्लीव्ह कुणाला तरी म्हणाला. "अगं पोरी, नवरा तुझा कॅनडात. तिथवर पोचेल का त्या बाटलीचा जोर?"

"पोस्टानं पाठवत असेल," दुसरा म्हणाला.

"पोस्टमनच पीत असेल मग."

चौघं खो खो हसले. मिस युनिस हसली नाही, पण बाटली कागदात गुंडाळताना व्हर्लिनकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. व्हर्लिनला काही उमगलं नाही. एवढंच कळलं, की आपलं काहीतरी चुकलंय. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून ती उन्हातून घरी आली.

छोटी बाटली पुरुषांची असते. रात्रीच्या जोरासाठी, उभ्या उभ्या थंडगार प्यायची. बाळंतिणीची ती मोठी, दुधातून घ्यायची. वाडीतल्या कुठल्याही बाईनं तिला हे सांगितलं असतं, फक्त विचारायला हवं होतं.

ती खोलीत येऊन बसली. लग्नात आलेल्या सहा पेल्यांपैकी दोनच उरले होते. एक तिनं भरला. दाट, लालभडक, जिभेवर गोड लागून मागून कडू होणाऱ्या त्या पेयाचे तिनं दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. समोर एव्हरल्डची खुर्ची रिकामी होती. का कोण जाणे, तिनं दुसऱ्या पेल्यातही ओतलं आणि खुर्चीपुढे सरकवलं.

"घे की," ती म्हणाली. "मी एकटीच पीत बसू का?"

मग बाळ उठलं. दूध पाजता पाजता तिचाच डोळा लागला, आणि दोन्ही पेले टेबलावर तसेच राहिले.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात छत्री आपटल्याचा आवाज आला. मिस इसिल्डा. चर्चची टोपी, बंद बूट, कपाळावर घाम. टेकडी उतरायला तिच्या गुडघ्यांना तासभर लागतो. हातात टॉवेल नव्हता, बाटली नव्हती.

"कुठं आहे तो?" तिनं दारातूनच विचारलं.

"कोण?"

"तोंड वर करून मलाच विचारतेस कोण म्हणून? कालपासून सगळ्या रिजला माहीत आहे तू कुणा पुरुषासाठी बाटली विकत घेतलीस ते. माझा मुलगा तिकडं पाठ मोडून घेतोय, आणि इकडं तू पाहुणचार करतेस?"

 दुकानातलं ते हसणं व्हर्लिनला आत्ता कळलं. "माझ्यासाठी आणली होती, मिस इसिल्डा. बाळंतिणीला लागते म्हणून."

"बाळंतीण छोटी बाटली पिते होय? काल जन्मलीस का?"

"मला माहीत नव्हतं, छोटी कुणाची नि मोठी कुणाची."

म्हातारी तिला बाजूला सारून आत शिरली. खोली ती केवढी. पलंगाखाली वाकून पाहिलं. दारामागं पाहिलं. खिळ्यावर एव्हरल्डचा एक सदरा होता, तो हुंगून पाहिला. त्याला दुधाचा वास होता, कारण व्हर्लिन तोच घालून बाळाला पाजायची. मग ती टेबलाशी आली आणि थांबली.

"दोन पेले," ती म्हणाली.

 व्हर्लिन काय सांगणार होती? रिकाम्या खुर्चीला पाजत होते म्हणून?

मिस इसिल्डानं खुर्चीपुढचा पेला उचलून उजेडात धरला. पेला भरलेला होता. काठापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती आणि शंभरएक आत बुडून मेल्या होत्या. ती बराच वेळ त्या मुंग्यांकडे पाहत राहिली. चष्मा काढला, टोपीच्या फितीनं पुसला, पुन्हा घातला.

"अख्ख्या जमैकात असा पुरुष नाही जन्मला," ती अखेर म्हणाली, "जो हे मुंग्यांसाठी ठेवून जाईल."

ती खुर्चीवर बसली.  नजर खोलीत फिरत राहिली: एकच ताट पालथं घातलेलं, पातेल्यात मक्याच्या पेजेचा तळ, पलंगाच्या एकाच कडेला पडलेला खळगा. तिनं पेला लांब सरकवला.

"त्याच्यासाठी ओतलंस?"

व्हर्लिननं मान डोलावली.

"काय बोललीस त्याच्याशी?"

"घे म्हणाले."

मिस इसिल्डाच्या ओठांची कड हलली. "बोलका कधीच नव्हता तो," ती म्हणाली. मग टेबलाकडेच पाहत, "मोठी आणून ठेवलीय मी. तुला सातवा होता तेव्हाच. कपाटात आहे. जायफळही आणलंय."

व्हर्लिनला यावर राग यायला हवा होता. रडूच आलं. तेही आवाज न करता, कारण बाळ झोपलं होतं.

"रडू नकोस, दूध आटेल," म्हातारी म्हणाली. "आणि ऐक. मी सकाळीच त्याला फोन केलाय."

"काय सांगितलंत?"

"ऐकलं होतं तेच. माझ्या मुलाला आधी माझ्याच तोंडून कळावं म्हणून."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. ठेवला फोन."

व्हर्लिननं टेबलावरचा फोन उचलून त्याला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शनिवारीही अर्धा दिवस काम असतं त्यांना. मिस इसिल्डानं फोन तिच्या हातातून काढून घेऊन टेबलावर मधोमध ठेवला आणि दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. ओनिका उठली. व्हर्लिननं पाजलं. नंतर म्हातारीनं न विचारता हात पुढं केले आणि बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत राहिली.  ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं.

दुपारी फोन वाजला. व्हर्लिनच्या आधी सासूनं उचलला.

"मी आहे. नाही, तू आधी ऐक. सकाळी मी बोलले ते खोटं होतं. मी घर बघितलं, पलंगाखालीसुद्धा. तिच्याकडे कोणी येत नाही, एव्हरल्ड. दोन महिने झाले. कोणी म्हणजे कोणीच येत नाही. मीसुद्धा आजवर उंबऱ्याच्या आत आले नव्हते." मग फोन व्हर्लिनच्या कानाला लावला आणि बाळाला घेऊन अंगणात निघून गेली.

पलीकडे वारा होता, ट्रॅक्टर होता, माणसं एकमेकांना हाका मारत होती.

"मला खरं वाटलंच नव्हतं," एव्हरल्ड म्हणाला.

फार चटकन म्हणाला. सकाळपासून घोकून ठेवल्यासारखं. व्हर्लिनला कळलं, की त्याला खरं वाटलं होतं. सकाळपासून आत्तापर्यंत, त्या सगळ्या सफरचंदांच्या रांगांमधून, त्याला ते खरंच वाटत होतं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"आता जेवेन. तू?"

"पेज आहे," ती म्हणाली. बाहेर अंगणात म्हातारी बाळाला आंब्याचं झाड दाखवत होती. व्हर्लिन फोन कानाशी धरून भिंतीला टेकली आणि त्याच्याकडचा वारा ऐकत राहिली.